फेक, बाळा

मूल चालू लागले की घरात त्याच्या कानी पडणाऱ्या पहिल्या काही आज्ञांत ‘फेकू नकोस’ ही हमखास असते. वाटी, चप्पल, खुळखुळा, काहीच फेकायचे नसते. तेच मूल सहाव्या वर्षी आमच्या वसतिगृहात येते. आम्ही त्याच्या हाती चेंडू देऊन ‘फेक, बाळा’ म्हणतो, तेव्हा ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहते. लहानग्यांना खांद्यावरून चेंडू फेकण्यास शिकविण्याचे काम आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे करीत आलो. स्मरणिकेत परीक्षांचे निकाल येतातच; या कामाविषयी सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून हा प्रपंच.

नवख्याची फेक ओळखणे सोपे असते. ते लक्ष्याकडे छाती करून उभे राहते, ज्या हातात चेंडू त्याच बाजूचा पाय पुढे टाकते आणि केवळ कोपरापासून हात झटकते. चेंडू चार पावलांवर पडतो. फेकीचे बळ पायांतून आणि कमरेतून वर येते, हे त्या वयात शब्दांनी समजत नाही. म्हणून आम्ही जमिनीवर चुन्याने पावले काढतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याने भिंतीकडे डावा खांदा करावा, डावा पाय पुढच्या खुणेवर टाकावा, मग कंबर वळावी, तिच्यामागून खांदा, शेवटी कोपर आणि मनगट. चेंडू सुटल्यावरही हात थांबवायचा नाही. तो विरुद्ध बाजूच्या गुडघ्याकडे उतरू द्यायचा. चेंडू म्हणजे जुन्या मोज्यात चिंध्या भरून शिवलेला गोळा. तो लागला तरी दुखत नाही, आणि समोरच्याला लागेल ही धास्ती गेल्यावाचून फेकणाऱ्याचा हात मोकळा होत नाही. नेमाचा आग्रह आम्ही आरंभी धरीत नाही. नेम धरावयास सांगितले की मूल हात आखडते. आधी जोर येऊ द्यावा, लगोरी नंतर रचावी.

गावाकडची मुले यात पुढे असतात. चिंचा पाडून त्यांचा हात बसलेला असतो. (चिंचेच्या मालकांचे जाहीर आभार मानण्याचे मात्र राहून गेले आहे.) मुलींना ती संधी क्वचित मिळते, आणि मग ‘मुलीसारखा फेकतोस’ हे हिणवणे मैदानावर येते. आमच्या पाहण्यात या वयातला मोठा भेद असतो तो कोणाला किती वेळा फेकू दिले याचाच. 2 नोव्हेंबर 2025 रोजी आपल्या नेरूळच्याच डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. शफाली वर्माच्या 87 धावा आणि दीप्ती शर्माचे पाच बळी सर्वांच्या स्मरणात आहेत. आम्हाला आठवते ती अमनजोत कौरची फेक. आफ्रिकेची सलामीची जोडी 51 धावांपर्यंत पोहोचली होती, आणि अमनजोतच्या थेट फेकीने ताझमिन ब्रिट्स धावबाद झाली. ते हिणवणे त्यानंतर थांबले असे नाही. पण त्याला उत्तर मिळू लागले.

डावखुऱ्यांचा प्रश्न निराळा. ‘डाव्या हाताची खोड मोडा’ अशी विनंती पालकभेटीत अजूनही येते. अशा वेळी आम्ही पळवणकर बाळूंचे नाव घेतो. पुण्याच्या क्लबात मैदानाची निगा राखणाऱ्या, अस्पृश्य म्हणून चहाही वेगळा मिळणाऱ्या या तरुणाने 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, ते डाव्या हाताने. बाबासाहेबांनाही त्यांचा अभिमान होता.

एका डावखुऱ्या मुलीच्या आजींना आम्ही हे सांगितले. आजींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘जेवायचं तरी उजव्यानं शिकवा, गुरुजी.’’ त्यावर आम्ही वाद घातला नाही. दिवाळीच्या सुटीत घरी जाताना त्या मुलीने मोज्याचा एक चेंडू मागून नेला. परत आणला तेव्हा तो दोन ठिकाणी नव्याने शिवलेला होता. एक टाका तिचा, वेडावाकडा, आणि दुसरा चांगला जुन्या हाताचा.