सीधा हात, उलटा हात

आमच्या घरातल्या बोलीत उजव्या हाताला ‘सीधा हात’ आणि डाव्या हाताला ‘उलटा हात’ म्हणतात. मराठीतही फार वेगळे नाही. एखाद्याला बाजूला सारले की त्याला ‘डावलले’ म्हणतात, कमी प्रतीच्या गोष्टीला ‘डावी’ म्हणतात. मूल बोलायला लागण्याआधीच त्याच्या एका हाताला आपण नावे ठेवून मोकळे होतो. शंभर माणसांत साधारण दहा डावखुरी असतात. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात चार. एवढी मुले ‘उलटी’ कशी असतील?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण तोंडात अजून नगरच येते. वर्गात मला एक गंमत दरवर्षी दिसते. डावखुऱ्या मुलांच्या उर्दूच्या वह्या स्वच्छ असतात आणि मराठीच्या वह्या फासलेल्या. कारण साधे आहे. मराठी लिहिताना त्यांचा तळवा नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून घासत जातो. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, त्यामुळे त्यांचा हात कोऱ्या कागदावरून पुढे सरकतो. मूल तेच, हात तोच, पेनही तेच. एका वहीत तो हात अडखळतो आणि दुसऱ्या वहीत सरळ चालतो. तेव्हा दोष हाताचा की लिपीच्या दिशेचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जेवताना उजव्या हाताचा अदब आपण मुलांना शिकवतो, आणि तो घरोघर पाळला जातो. त्याबद्दल वाद नाही. पण दस्तरखानावरचा हा अदब आपण वहीवर, क्रिकेटच्या बॅटवर आणि ढोलकीवरही आणून ठेवला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारणे आणि मानसिक त्रास देणे या दोन्हींवर बंदी घातली. तरी डाव्या हातावर पट्टी मारणारी माणसे घरात आणि शिकवणीत अजून भेटतात. माझ्या बहिणीच्या मुलाला चौथीत असताना अशाच एका शिकवणीत पट्टी बसली होती. तेव्हापासून कोणतीही नवी वस्तू हातात घेण्याआधी तो मोठ्यांच्या तोंडाकडे पाहायचा.

हाच मुलगा तेराव्या वर्षी म्हणाला, “खाला, मुझे नाना का बेंजो बजाना है.”

आमचे अब्बा कव्वाली पार्टीत बेंजो वाजवायचे. नगरच्या शाह शरीफ दर्ग्यापासून गावोगावच्या लहान दर्ग्यांपर्यंत कुठे उरूस असला, संदल निघाला, की त्यांना बोलावणे यायचे. २०१९ साली ते गेले. त्यांची पेटी कपाटावर कापडात गुंडाळून ठेवलेली होती. अम्मीने ती कोणाला हात लावू दिली नव्हती. नातवाने मागितली तेव्हा मात्र तिने स्वतः उतरवून दिली.

आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचे नाव बुलबुल तरंग. अमेरिकेतल्या गोल, कातडे मढवलेल्या बँजोशी त्याचे नाते नावापुरतेच. याचा पूर्वज जपानी आहे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तारांच्या वाद्याला टाइपरायटरसारख्या चाव्या जोडल्या आणि ‘तैशोगोतो’ तयार केले. ते हिंदुस्थानात आले आणि इथलेच होऊन गेले. बलुचिस्तानात ते ‘बेंजू’ झाले. आपल्याकडे ते कव्वालीच्या बैठकीत बसले आणि गणपतीच्या मिरवणुकीतही चालले. मुंबईच्या बेंजो वाजवणाऱ्या पोरांवर रवी जाधव यांनी २०१६ साली ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपटही काढला.

पेटी मांडीवर किंवा जमिनीवर आडवी ठेवायची. डाव्या हाताची बोटे चाव्या दाबतात, म्हणजे सूर निवडतात. उजव्या हातातली नखी तारांवर आघात करते, म्हणजे लय धरते. खालचे सूर डावीकडे, वरचे उजवीकडे, हार्मोनियमसारखेच. आता डावखुऱ्याने काय करायचे?

घरात लगेच तीन पक्ष झाले. बहिणीचे म्हणणे, पार्टीत बसायचे असेल तर चारचौघांसारखे वाजवावे. भावाचे म्हणणे, सुताराकडून पेटीची उलटी मांडणी करून घ्यावी. अम्मी म्हणाली, “अब्बा की पेटी को करवत नहीं लगेगी.” तिचेही बरोबर होते. एकदा पेटी उलटी केली की ती त्या एका मुलाचीच होणार. अब्बांचे जुने साथीदार घरी आले, तर त्यांना ती वाजवता येणार नव्हती. ज्याच्यावरून हा वाद चालला होता तो पोरगा आमच्या तोंडांकडे पाहत गप्प बसला होता.

मी म्हटले, आधी त्याला करून तर पाहू द्या. सुट्टीचे दिवस होते. पेटी त्याच्यापुढे ठेवली आणि पंधरा दिवस कोणी काही सांगायचे नाही असे ठरले.

पहिल्याच दिवशी त्याने पेटी फिरवून घेतली. आता नखी डाव्या हातात आणि चाव्या उजव्या हाताला. पण पेटी फिरवली की चाव्या पलीकडच्या कडेला जातात, हाताला तारांवरून पलीकडे पोहोचावे लागते, आणि सरगमही फिरते. सा उजवीकडे येतो आणि सूर डावीकडे चढत जातात. तो हसत म्हणाला, “खाला, ये तो उर्दू बेंजो हो गया!” लय त्याची छान पडत होती. सूर मात्र सापडत नव्हते. चौथ्या दिवशी त्याने पेटी आपणच पुन्हा सरळ केली. आता डावी बोटे चाव्यांवर पळू लागली, पण उजव्या हातातली नखी जड झाली. द्रुत ठेका आला की ती मागे राहायची.

मग आम्ही अब्बांच्या एका साथीदाराकडे श्रीरामपूरला गेलो. आयुष्यभर बेंजो वाजवलेला माणूस. पोराने दोन्ही तऱ्हांनी वाजवून दाखवले. चाचा म्हणाले, “बेटा, सुर ढूँढता कौन? बायाँ. हमारा बायाँ कच्चा रहता, उसको पकाने में बरसों गए. तेरा तो पका-पकाया है. अब मेहनत सीधे हाथ की कर.” थोडे थांबून पुढे म्हणाले, “फिर भी दिल न माने तो घुमा के बजा. मैं सामने बैठूँगा, तू आईने जैसा देख लेना.”

इतकी वर्षे हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ज्या वाद्याला आपण उजव्या हाताचे समजतो, त्यात सूर शोधण्याचे बारीक काम डाव्या हातालाच दिलेले आहे. सतारीतही तसेच, गिटारीतही तसेच. तरीही गिटार वाजवणारे अनेक डावखुरे तारा छेडण्याचे काम डाव्या हाताला देतात, कारण लय त्यांना त्या हातात वाटते. म्हणजे प्रश्न हाताचा नाही. कोणत्या हाताने कोणते काम करायचे, हा प्रश्न आहे.

जगातल्या डावखुऱ्या वादकांनी याची उत्तरे वेगवेगळी शोधली आहेत. जिमी हेंड्रिक्सने उजव्या हाताची गिटार उलटी धरली आणि तारांचा क्रम बदलून घेतला. अमेरिकेतल्या एलिझाबेथ कॉटन या कृष्णवर्णीय बाईंची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. त्या लहानपणी भावाच्या बँजोवर शिकल्या. वाद्य भावाचे, तेव्हा तारा बदलायची सोय नव्हती. त्यांनी ते तसेच उलटे धरले. पुढे गिटारही तशीच वाजवली. अंगठ्याने चाल आणि बोटांनी खालचे सूर, असे त्यांचे वाजवणे सगळ्यांच्या उलट होते. पुढे त्याच ढंगाला त्यांचे नाव मिळाले. घरात एकच वाद्य असले की काय होते, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

एमेट चॅपमन या अमेरिकन वादकाने तर हातांची वाटणीच मोडली. १९६९ साली त्याला दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर नुसते टिचकारून वाजवण्याची रीत सापडली. १९७४ पासून त्यासाठी बनवलेले ‘चॅपमन स्टिक’ हे वाद्य विकले जाऊ लागले. त्यात छेडणे नाही, नखी नाही. दोन्ही हात तेच काम करतात, नेहमीच्या मांडणीत उजवा चाल वाजवतो आणि डावा खर्जाचे सूर. वाटेल, इथे तरी डावखुऱ्याचा प्रश्न मिटला. पण मिटला नाही. चाल कोणत्या हाताला द्यायची, हे इथेही ठरवावेच लागते. कोणाला वाटते, दोन्ही हात नव्यानेच शिकायचे आहेत तर आहे तीच मांडणी घ्यावी. कोणाला वाटते, चाल आपल्या चांगल्या हाताकडे असावी.

आमच्या पोराने शेवटी पेटी सरळच ठेवली. त्याची कारणे त्याने मला नीट मोजून सांगितली. डावी बोटे चाव्यांवर लवकर चालतात. बाजारात उलटी पेटी मिळत नाही. कार्यक्रमात ऐनवेळी दुसऱ्याची पेटी घ्यावी लागली तर अडायला नको. आणि नानांची पेटी नानांसारखीच राहील. उजव्या हाताच्या नखीवर त्याला चार महिने घासावे लागले. तालाला धरून नुसती एकच तार वाजवायची, रोज अर्धा तास. शेजारी कंटाळले, अम्मी कंटाळली नाही.

ढोलक मात्र तो उलटी वाजवतो. धूम त्याच्या उजव्या हाताला असते आणि चाटीची बाजू डाव्या हाताला. ढोलक फिरवली की झाले, त्यात ना तार बदलावी लागते ना चावी. तबल्यातही डावखुरे वादक दायाँ-बायाँची जागा बदलतात. हार्मोनियमला तर तेवढेही नको. सूर जागच्या जागी राहतात, फक्त भाता दुसऱ्या हाताने हलवायचा. एकच मुलगा, एका वाद्यावर सरळ आणि दुसऱ्यावर उलटा. सगळ्यांनी त्याच्यासारखेच करावे असे मी म्हणणार नाही. त्याच्याच वयाच्या दुसऱ्या मुलाने पेटी फिरवून घेतली असती आणि तेही बरोबरच ठरले असते, पण मग त्याला स्वतःची वेगळी पेटी आणि समोर बसून शिकवणारा असा एखादा चाचा मिळायला हवा होता. तो मिळत नाही, म्हणून कितीतरी मुले वाद्यच सोडून देतात.

शाळांमध्ये, मोहल्ल्यांमध्ये मुलांच्या हातात लेझीम, ढोलक, बेंजो देणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. मुलाला आधी हात कोणता ते विचारू नका. वाद्य पुढे ठेवा, पंधरा दिवस गप्प बसा. सूर कोणता हात शोधतो आणि लय कोणता धरतो ते बघा. त्याला उलटसुलट दोन्ही करून पाहू द्या. मग वाद्य फिरवायचे की हात घडवायचा, हे खर्च, सोय आणि शिकवणारा पाहून त्याच्याशी बोलून ठरवा. मेहनत दोन्हीकडे आहे. पण मुलाने स्वतः निवडलेली मेहनत तो आनंदाने करतो, आणि लादलेल्या मेहनतीत त्याला आधीची पट्टीच आठवत राहते.