काचेपलीकडचा पाहुणा

परग्रहावरून कोणी आलेच, तर त्यांच्याशी पहिला शब्द कोण बोलेल? बहुतेक चित्रपटांनी हे काम सेनापतीवर सोपवले आहे. आकाशातून तबकडी उतरते, तोफा सरसावतात, शहरे कोसळतात आणि अखेरीस मानवजात विजयी होते. अशा चित्रपटांचे मला फारसे कुतूहल नाही. काही मोजक्या दिग्दर्शकांनी मात्र हा प्रश्न गंभीरपणे घेतला. त्यांच्या चित्रपटांत पाहुण्यासमोर जो उभा राहतो, त्याची वृत्ती शिक्षकाची असते. कर्णबधिर मुलांना शिकवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. त्यामुळे हे चित्रपट पाहताना मला आकाश कमी आणि माझा वर्गच अधिक दिसतो.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ १९७७ साली आला. त्यात एक मोठा जमाव पाच स्वरांची एकच ओळ पुनःपुन्हा आळवीत बसलेला दिसतो. हे सूर कोठून आले, असे विचारताच साऱ्यांची बोटे एकदम आकाशाकडे जातात. पडद्यावर ते स्थळ उत्तर भारतातील धर्मशाळा असले, तरी चित्रीकरण झाले ते आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावी. पुढे लाकोंब नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ तेच पाच स्वर हाताच्या खुणांनी दाखवतो. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या संगीतशिक्षणपद्धतीत या खुणा वापरल्या जातात. चित्रपटाच्या शेवटी यानातून उतरलेल्या पाहुण्यासमोर लाकोंब एकही शब्द न उच्चारता त्या पाच खुणा करतो. पाहुणा त्याच खुणा परत करतो आणि हसतो.

लाकोंबची भूमिका करणारे फ्रान्स्वा त्र्युफो स्वतः थोर दिग्दर्शक होते. १९७० साली त्यांनी ‘द वाइल्ड चाइल्ड’ हा चित्रपट काढला आणि त्यात डॉक्टर इतार यांची भूमिकाही स्वतःच केली. फ्रान्समधील आव्हेरों प्रांतातील रानात वाढलेल्या, भाषा नसलेल्या एका मुलाला इतार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माणसांत आणण्यासाठी धडपड केली होती. हे इतार पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचे वैद्य होते. परग्रहवासीयाचे स्वागत करणारा हात आधी त्या मुलाला अक्षरे शिकवीत होता, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

परंतु या विषयाच्या मुळाशी गेलेला चित्रपट म्हणजे डेनी व्हिलनव्ह यांचा २०१६ सालचा ‘अरायव्हल’. टेड चँग यांच्या १९९८ च्या कथेवर तो आधारलेला आहे. जगात बारा ठिकाणी बारा याने येऊन थांबतात. आत काचेसारख्या पडद्यापलीकडे सात पायांचे जीव आहेत. लुईस बँक्स या भाषाशास्त्रज्ञ स्त्रीला पाचारण केले जाते. तुम्ही पृथ्वीवर कशासाठी आलात, एवढेच विचारा, असा सैन्याचा आग्रह असतो. लुईस ते वाक्य फळ्यावर लिहून त्याची एकेक गाठ सोडवते. प्रश्न म्हणजे काय, हे त्यांना आधी कळले पाहिजे. ‘तुम्ही’ म्हणजे समोरचा एकटा की सारे, हे कळले पाहिजे. हेतू म्हणजे काय, हेही कळले पाहिजे.

हा प्रसंग पाहताना मी थक्क झाले, कारण हे आमचे रोजचे काम होते. जन्मतः ऐकू न येणारे मूल पाचव्या वर्षी शाळेत येते, तेव्हा पुष्कळदा त्याच्यापाशी कोणतीच भाषा नसते. ‘हे काय?’ हा प्रश्न त्याला लवकर उमगतो, ‘कोण?’ आणि ‘कुठे?’ हेही यथावकाश साधते. पण ‘का?’ हा प्रश्न समजायला वर्षे लागतात. चेंडू हातात देता येतो, कारण हातात देता येत नाही.

आणखी एक गोष्ट. विषबाधेच्या भयाने सारे जाड संरक्षक पोशाखात असताना लुईस आपला पोशाख उतरवते. त्यांना माझा चेहरा दिसला पाहिजे, एवढेच तिचे म्हणणे असते. मग पाटीवर आपले नाव लिहून ती स्वतःकडे बोट दाखवते. ऐकू न येणाऱ्याला चेहराच वाचावा लागतो, हे आमच्या पेशातील कोणीही सांगेल.

याच्या नेमका उलटा मार्ग जगाने पूर्वी धरला होता. १८८० साली मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि शाळांतून हातांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव झाला. त्या मालिकेतील परिषदेने २०१० साली व्हँकुव्हर येथे त्याबद्दल खेद व्यक्त केला. मध्ये एकशे तीस वर्षे लोटली. आमच्या प्रशिक्षणातही ओठवाचन व उच्चार यांवरच भर होता; मुले मात्र मधल्या सुट्टीत हातांनी मनसोक्त बोलत. येणाऱ्याने आमच्याच भाषेत बोलावे, हा आग्रह धरायला परग्रहवासीयांची गरज नसते.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील सातवा अध्याय यासंदर्भात आठवतो. बहिऱ्या माणसाला प्रभू येशू गर्दीतून बाजूला घेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहतो. ‘एफ्फाथा’ हा शब्द त्यानंतर येतो. त्या माणसाला समजेल अशा खुणा आधी झालेल्या असतात.

‘अरायव्हल’मधील पाहुण्यांच्या एका चिन्हाचा अर्थ ‘शस्त्र’ असा लावला जातो आणि राष्ट्रे युद्धाला सज्ज होतात. त्याचा अर्थ ‘साधन’ असाही असू शकेल, असे लुईस म्हणते. त्यांनी आणलेली देणगी म्हणजे त्यांची भाषाच असते. ती शिकल्यावर लुईसला पुढचा काळ दिसू लागतो: तिला मुलगी होणार आहे आणि ती लहानपणीच आजाराने जाणार आहे. हे जाणूनही लुईस त्या आयुष्याला होकार देते.

या शेवटाशी मला एक आई आठवते. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. आधी कळले असते तर काय केले असतेस, असे कोणीतरी तिला माझ्यादेखत विचारले. विचारण्यातला रोख न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. ती शांतपणे म्हणाली, “आधी कळलं असतं, तर खुणा आधीच शिकले असते.”

तारे दूर आहेत. तेथून कोणी येईल तेव्हा येवो. पण आपल्या धर्मग्रामातील पवित्र मिस्सात, प्रवचनाचा शब्दही कानी न पडता शेवटपर्यंत बसून राहणारी एखादी व्यक्ती असू शकेल. शांतीचे चिन्ह देताना आपण तिच्याकडे वळतो आणि हात जोडून पुन्हा समोर पाहू लागतो. येत्या रविवारी आपण थोडे अधिक थांबू या. नाव विचारण्याची खूण तिच्याकडूनच शिकून घेता येईल.