महेश्वरचा घाट आणि माझी पर्स

महेश्वर आपल्या इंदूरकर मराठी घरांना नवीन नाही. पाहुणे आले की एक दिवस राजवाडा-सराफा, एक दिवस महेश्वर, हे ठरलेलंच. लग्न झाल्यापासून मी पंधरा वेळा तरी गेले असेन. पण मागच्या कार्तिकात थोरल्याबरोबर दोघंच गेलो, ती फेरी निराळी होती. लिहिण्याआधी त्याला विचारलं. तो म्हणाला, "लिही. नाव नको टाकूस, बाकी खरं लिही."

तर खरं असं. थोरला एकोणतीस वर्षांचा आहे. चार वर्षं तो ब्राउन शुगरच्या तावडीत होता. माझ्या पाटल्या गेल्या, ह्यांचं घड्याळ गेलं, धाकटीच्या फीचे पैसे गेले. वस्तूंपेक्षा जास्त लागलं ते त्याचं तोंडावर खोटं बोलणं. व्यसनमुक्ती केंद्रातून तो घरी आला, त्याला तेव्हा चौदा महिने झाले होते. दिवसभर आम्ही त्याच्याशी गोड बोलायचो आणि रात्री तो झोपला की मी त्याचे खिसे चाचपायचे, पर्समधले पैसे मोजायचे.

गाडी तोच चालवणार म्हणाला. हे आले नाहीत. "तुम्ही जाऊन या," एवढंच म्हणाले.

आम्ही महूवरून जाम घाटाचा रस्ता धरला. इंदूर ते महेश्वर साधारण नव्वद किलोमीटर. धामनोदवरूनही जाता येतं, पण पावसाळ्यानंतर गेलात तर घाटानेच जा. अहिल्याबाईंच्या काळातल्या जाम दरवाजापाशी माळव्याचं पठार संपतं आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. तिथे कणीस खाताना थोरला म्हणाला, "आई, एके काळी माळव्याची अफू मुंबईवरून चीनला जायची. मंदसौर-नीमचकडे अजून सरकारी परवान्याने पिकते, औषधांसाठी. मी घ्यायचो ते त्याच अफूचं पोर." मला वाटायचं, हे व्यसन म्हणजे सिनेमातलं, बड्या शहरांतलं. ते इतकं आपल्या मातीतलं आहे, हे मला मुलाने सांगितलं.

महेश्वरला किल्ल्यावरच्या वाड्यात अहिल्याबाईंची गादी आहे. एवढ्या मोठ्या राज्याची, पण किती साधी! तिथे उभं राहिलं की मला हटकून मालेराव आठवतो. त्यांचा एकुलता एक मुलगा, 1767 मध्ये ऐन तारुण्यात गेला. इंदूरच्या आडा बाजाराची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असेल. मालेरावाच्या रथाखाली वासरू मेलं, आईने मुलाला तशीच शिक्षा फर्मावली, आणि रथापुढे गाय आडवी आली. इतिहास नव्हे, लोककथाच ती. लोक ती न्यायाची गोष्ट म्हणून सांगतात. मला मात्र त्या गाईचं कौतुक वाटायचं, कारण मीही तशीच आडवी उभी राहिले होते. हे म्हणायचे, "घराबाहेर काढू या." मी त्याची उधारी फेडली. नातेवाइकांना सांगितलं, कावीळ झालीय. केंद्रातल्या ताईंनी समजावलं तेव्हा कळलं, की माझ्या आडवं येण्याने मुलगा वाचत नव्हता, व्यसन वाचत होतं.

सकाळच्या वेळी गेलात तर वाड्यातलं लिंगार्चन जरूर पाहा. ब्राह्मण काळ्या मातीची हजारो इवलीशी शिवलिंगं करतात, लाकडी पाटावर ओळीने मांडतात, पूजा करतात आणि नर्मदेत विसर्जन करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. अहिल्याबाईंच्या काळापासून हे चालू आहे. थोरला बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "आमचं असंच आहे. आजचा दिवस घ्यायची नाही, एवढंच ठरवायचं. कालचं आज चालत नाही."

मग घाटावर उतरलो. कार्तिक म्हणून बायकांची गर्दी होती. मला स्नान करायचं होतं. पर्स, मोबाईल, गळ्यातली साखळी कुणाजवळ ठेवायची? दोघंच तर होतो. मी क्षणभर थांबले. ते थांबणं त्याने पाहिलं. मी पर्स त्याच्या हातात दिली आणि पायऱ्या उतरले. नर्मदामैय्याची क्षमा मागून सांगते, तिन्ही बुड्या मारताना माझं लक्ष घाटावर होतं.

वर आले तेव्हा तो त्याच पायरीवर बसला होता. पर्स पुढे करून म्हणाला, "मोज."

मी म्हटलं, "अरे, काहीतरीच काय! विश्वास आहे माझा."

"नाहीये, आई. आणि असावा असं मी वागलोही नाही. तू रात्री मोजतेस ते मला माहीत आहे. मी जागा असतो. चोरून मोजतेस ना, ते लागतं. माझ्यासमोर मोज."

ओल्या केसांनी त्या पायरीवर बसून मी पैसे मोजले. तीन हजार चारशे वीस. बरोबर होते. तो हसला नाही, मीही नाही. पण कित्येक महिन्यांत मला पहिल्यांदाच हलकं वाटलं. विश्वास म्हणजे डोळे मिटून काहीतरी देणं, असं मी समजत होते. आम्हाला तर तो उघड्या डोळ्यांनी, त्या लिंगांसारखा, रोज नव्याने घडवायचा होता.

संध्याकाळी राजराजेश्वराच्या देवळातले अखंड दिवे पाहिले, हातमागावरची माहेश्वरी पाहिली, घेतली मात्र नाही. परतीला गाडीत मी झोपले. चौदा महिन्यांत त्याच्या शेजारी अशी झोपले नव्हते.

आता रविवारी संध्याकाळी आम्ही घरखर्चाचे पैसे टेबलावर सगळ्यांसमोर मोजतो. खिसे तपासणं मी सोडलं. गेल्या महिन्यात दोनशे रुपये कमी भरले. हे उठून आत गेले. थोरला पांढराफटक पडला, पण जागचा हलला नाही. अर्ध्या तासाने मला आठवलं, दूधवाल्याला मीच दिले होते. मी त्याची माफी मागितली. ह्यांनी मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली त्याच्यापुढे ठेवून म्हणाले, "मला बँकेत सोड."

तुमच्यापैकी कुणाच्या घरात, मित्रांत असं काही चालू असेल तर दोनच गोष्टी सांगते. कावीळ झाली म्हणू नका. 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, तिथे बोला. आणि सुटलेला माणूस पुन्हा घसरला तर "गेलं सगळं" म्हणून हात झटकू नका. मध्यंतरी शरीराची सवय मोडलेली असते, जुन्या मापाने घेतलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून त्याच वेळी तातडीने डॉक्टर गाठा.

आमचंही उद्याचं आज सांगता येत नाही. येत्या कार्तिकात चौघं जायचं ठरतंय. पर्स कुणाकडे द्यायची, हे मात्र ठरलंय.