म्हशाच्या जत्रेत दोन जिवांची सून

पौष पौर्णिमा जवळ आली की मुरबाड, शहापूर, कर्जत या साऱ्या पट्ट्यातील घरांत म्हशाच्या जत्रेचे वेध लागतात. घरातील थोरल्या माणसांना या जत्रेचे अगत्य अधिक. बैलजोडी तेथूनच आणायची, घोंगडी तेथूनच घ्यायची, खांबलिंगेश्वरापुढे नारळ वाढवायचा, ही वर्षानुवर्षांची रीत. अशा वेळी घरात सून किंवा माहेरपणाला आलेली लेक दोन जिवांची असेल, तर प्रश्न उभा राहतो: तिला न्यावे की नाही? आणि नेलेच, तर तेथे तिने काय खावे? हा दुसरा प्रश्न बहुतेक घरांत एका वाक्यात निकालात काढला जातो. ‘तिखटाला हात लावायचा नाही,’ असे सासूबाई बजावतात. वाचकहो, या वाक्यात काळजी पुरेपूर आहे. पण ती काळजी चुकीच्या पदार्थावर खर्च होते.

आधी वाट पाहू. म्हसा हे मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणला उतरून एस.टी.ने मुरबाड आणि तेथून पुढे म्हसा, हा नेहमीचा मार्ग. भात कापून मोकळी झालेली खाचरे, मधूनच वालाचे हिरवे तुकडे आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत. गोरखगडाला जाणारे गिर्यारोहकही म्हशावरूनच देहरीकडे वळतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यातील स्त्रीला, तिची प्रकृती नेटकी असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर एवढा प्रवास सोसतो. तिला गाडीच्या मागच्या आसनावर मात्र बसवू नये; तेथे प्रत्येक खड्डा मोजून घ्यावा लागतो. आठवा-नववा महिना असेल, आधी गर्भपात झाला असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर जत्रा पुढच्या वर्षी बाळासह करावी.

गावात शिरले की आधी गुरांचा बाजार. शिंगांना रंग दिलेले, गळ्यात घुंगरांच्या माळा घातलेले बैल, रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवणारे दलाल, धुळीचे लोट. हे दृश्य दुरूनच पाहावे. बिथरलेल्या बैलाला गर्भवती कोण, हे कळत नाही. बाजारात कोणी ताजे म्हणून कच्चे दूध पुढे केले, तर ते न उकळता तिला देऊ नये. आकाशपाळणेही तिच्यासाठी नव्हेत.

यापुढे खाऊच्या पेठेत चला. येथे कढईतून भजी निघतात, मिसळीवर लाल तर्री तरंगते, जिलेबीच्या आणि या जत्रेच्या ओळखीच्या हातोली मिठाईच्या राशी लागतात. सासूबाईंची नजर तर्रीवर खिळते. तुम्ही मात्र दुकानाच्या मागे ठेवलेल्या पाण्याच्या पिंपाकडे पाहावे. पाणी कोठून आले, कोणी भरले, त्यात कोणता तांब्या बुडतो? ताटल्या कशात विसळल्या जातात? उसाच्या रसातला बर्फ कोठल्या पाण्याचा आहे? चटणीत, ताकात, पाणीपुरीत हेच पाणी जाते.

याचे कारण ‘ई’ प्रकारची कावीळ. मैला मिसळलेल्या पाण्यातून ती पसरते. एरवीच्या माणसाला ती काही आठवडे बेजार करते आणि बहुधा आपोआप बरी होते. गर्भवतीला मात्र ती गाठते तेव्हा यकृत अचानक निकामी होऊ शकते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ही कावीळ झालेल्या शंभर स्त्रियांपैकी वीस ते पंचवीस दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली होती. पुढे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून तो याच प्रकारचा उद्रेक असल्याचे मानले गेले. आपल्या इचलकरंजीनेही २०१२ साली अशी साथ अनुभवली आहे.

या आजाराची खोड अशी की तो लगेच दिसत नाही. जंतू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, बहुधा पाच-सहा. म्हणजे पौष पौर्णिमेला प्यालेल्या पाण्याचा जाब महाशिवरात्रीच्या सुमारास द्यावा लागतो. तोवर जत्रा कोणाच्या ध्यानातही नसते. अन्नावरची वासना उडणे, मळमळ, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काही आढळले, तर गर्भवतीला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. झाडपाल्याचे औषध देणारा, कावीळ उतरवणारा माणूस प्रत्येक गावात भेटतो. त्याच्याकडे घालवलेले दोन दिवस तिला परवडत नाहीत.

म्हणून घरून उकळून गार केलेले पाणी पुरेसे घ्या. पाण्याला खळखळून उकळी फुटली की आणखी मिनिटभर ठेवावे. त्या पाण्यात घुसळलेले घरचे ताकही बाटलीत भरावे. मग तिला जत्रेत काहीच नको का? हवे. डोळ्यांदेखत कढईतून निघालेली गरम भजी तिला दोन-चार द्यावीत, तीही चटणी न लावता. सोललेले केळे, भाजलेले शेंगदाणे द्यावेत. भज्यांबरोबरची तळलेली मिरची तिने मागितली तर तीही द्यावी. कढईतून आलेली ती मिरची त्या पेठेतल्या पुष्कळ पदार्थांपेक्षा निर्धोक आहे.

आता तिखटाविषयी. तिखट खाल्ल्याने गर्भ पडतो, बाळाचे डोळे जळतात, त्याला जावळ कमी येते किंवा कळा लवकर सुरू होतात, यांपैकी एकाही समजुतीला वैद्यकीय आधार नाही. मिरचीचा दाह आईच्या तोंडाला आणि अन्नमार्गाला होतो. बाळाला तो जाळत नाही. बाळाच्या भोवतालच्या पाण्यात आईच्या जेवणाचा गंध मात्र उतरतो. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी १९९५ साली काही गर्भवतींना लसणाचा अर्क असलेल्या कुप्या दिल्या, तेव्हा त्यांतील बहुतेकींच्या गर्भजलाला लसणाचा वास येत असल्याचे आढळले. तेव्हा घरच्या फोडणीची ओळख नातवंडाला जन्माआधीच होत असावी.

‘पण शास्त्रात तिखट वर्ज्य सांगितले आहे,’ असे काही वडीलधारी मंडळी म्हणतील. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींत कटू रसाचा उल्लेख आहे, हे खरे. (संस्कृतातील कटू म्हणजे आपले तिखट, कडू नव्हे.) मात्र तेथे आक्षेप आहे तो एकच रस नित्य सेवन करण्यावर. गोड, आंबट, खारट यांच्या नित्य सेवनाचेही दोष त्याच ठिकाणी सांगितले आहेत. शिवाय चरकाला मिरची ठाऊकच नव्हती. ती पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. तोवर आपले तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि सुंठ. सासूबाई तर्री बंद करून त्याच हाताने जिलेबीची तिसरी ताटली पुढे करतात, तेव्हा त्यांनी चरकाचा अर्धाच श्लोक ऐकला आहे, असे म्हणावे लागते.

तिखटाचा खरा त्रास आहे तो जळजळीचा. गरोदरपणात शरीरातील संप्रेरकांमुळे अन्ननलिका आणि जठर यांमधील झडप सैल पडते. पुढे वाढत्या गर्भाशयाचा दाब जठरावर येतो. त्यामुळे आम्ल वर चढते, छातीत जळते, आंबट ढेकर येतात. तिखट, तेलकट आणि भरपेट जेवणाने हे वाढते. अशा वेळी थोडे थोडे, चार-पाच वेळा जेवावे. जेवल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नये. निजताना उशी उंच घेऊन डाव्या कुशीवर निजावे. तोंड भाजले तर पाणी पिऊन उपयोग होत नाही, कारण मिरचीतील दाहक द्रव्य पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्यावे. खाण्याच्या सोड्याची आणि फसफसणाऱ्या चूर्णांची सवय मात्र लावू नये. त्यात सोडियम फार असते. आम्लनाशक औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे आणि लोहाच्या गोळीपासून निदान दोन तास दूर ठेवावे.

या पट्ट्यातील जेवण एकदा नीट पाहा. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, वालाचे कालवण असले तर असले, सुकट आणि मिरचीचा ठेचा. आदिवासी पाड्यांवर, विशेषतः दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांत, पुष्कळदा भाकरी किंवा भात आणि तोंडी लावायला मिरची-सुकट एवढेच ताटात असते. तेथे गर्भवतीचे तिखट बंद केले, म्हणजे तिची भाकरीच बंद केली. कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही. मग ती अर्धीच खाते आणि घरातील मंडळी समजतात की पथ्य पाळले जात आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक, ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. ज्या ताटाची ही अवस्था, त्यातून काही काढून घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

ठेचा काढू नका. ठेच्याच्या सोबतीला काहीतरी आणा. मिरच्या निम्म्या करून त्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे वाटावेत आणि वरून लिंबू पिळावे, कारण त्यातील क जीवनसत्त्वाने अन्नातील लोह अधिक अंगी लागते. हिरव्या मिरचीतही ते जीवनसत्त्व आहे, परंतु दोन मिरच्यांतून मिळून मिळणार किती? वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजवून द्यावेत. अंडे चालत असेल तर पूर्ण उकडून रोज द्यावे. जेवणावर लगेच चहा नको; तासाभराचे अंतर असावे. सुकट दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावी. सुकट, लोणचे, पापड यांतले तिखट नव्हे, मीठ नडते, त्यातही रक्तदाब वाढलेला असेल तर अधिक. या आदिवासी भागातील अंगणवाड्यांत डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण मिळते. सुनेला तेथे जेवायला पाठवण्यात कमीपणा मानू नये. लोह व फॉलिक आम्लाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची असते. तिने मलावरोध झाला तर पाणी, पालेभाजी वाढवावी. मूळव्याधीचा त्रास उपटला असेल, तेव्हा मात्र तिखट खरोखरच कमी करावे.

जत्रेत सुटे तिखट स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. भेसळीचा रंग डोळ्यांना कळत नाही. अख्ख्या मिरच्या घ्याव्यात, घरी वाळवून कुटून घ्याव्यात. आणि त्या भाजताना उठणाऱ्या ठसक्यापासून गर्भवतीला दूर बसवावे. चुलीच्या धुराचेही तेच. त्या धुराने बाळाचे वजन घटते, याला पुरावा आहे. ठेच्याविरुद्ध तसा काही नाही.

एक गोष्ट थोरल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी, कारण रात्री सुनेच्या उशाशी बहुधा तुम्हीच असता. जत्रेहून परतल्यावर ती म्हणाली, ‘आई, पोटात वरच्या बाजूला दुखतंय,’ तर ‘भजी खाल्लीस ना, आता भोग,’ असे म्हणून कूस बदलू नका. पाचव्या महिन्यानंतर बरगड्यांखाली, विशेषतः उजवीकडे, दुखणे; त्यासोबत डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे किंवा काजवे चमकणे, चेहरा व हात सुजणे ही वाढत्या रक्तदाबाच्या आजाराची लक्षणे असतात. त्यातून झटके येतात आणि आई व बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. रक्तदाबाचा वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० यांवर गेला असेल, तर तो जळजळीचा विषय राहत नाही. तसेच थांबून थांबून येणारी, नियमित होत जाणारी पोटदुखी ही वायूची नसून कळांची असू शकते. रक्तस्राव, पाणी जाणे, ताप, बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळ असेल ते आरोग्य केंद्र गाठावे. तिची तपासणीची नोंदपुस्तिका जत्रेला निघतानाच पिशवीत ठेवावी. ती घरी राहिली, तर रक्तगटापासून सारी चौकशी नव्याने करावी लागते.

परतीला निघताना ऊन उतरण्याच्या आत गाडी पकडावी. सायंकाळी कल्याणकडच्या गाड्यांना फार गर्दी होते. घोंगडी घ्यायची तर ती मऊ, बाळाला खाली घालता येईल अशी निवडा. हातोली घरच्यांसाठी बांधून घ्या. सुनेला त्यातला एक तुकडा पुरे. डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा मात्र तिला एस.टी. सुटण्यापूर्वीच, झाडाखाली निवांत बसवून, हात स्वच्छ धुऊन खाऊ द्या.