इंजिन बंद, बाबा सुरू!

खरं सांगू? बाबांना मी आयुष्यात एकदाच हरवलंय, आणि तेही मोबाइलच्या जिवावर.

२०२४ ची दिवाळी. बाबांनी कपाटातून त्यांची जुनी वही काढली. १९७९ च्या ऑफिस टूर्नामेंटमध्ये साक्षात साहेबांना हरवलेला डाव त्यात होता. लहानपणापासून गोष्टीसारखा ऐकलेला. बाबा पटावर चाली मांडत होते, आणि मी हळूच ती पोझिशन मोबाइलच्या इंजिनला दाखवली. बोलूनही गेलो, "बाबा, चौदाव्या चालीलाच तुम्ही हरला होता की!"

बाबांनी वही मिटली. पुढचे नऊ महिने घरात बुद्धिबळाचा विषयच नाही.

तो निघाला २८ जुलै २०२५ ला. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. वय फक्त १९! सोबत ग्रँडमास्टर किताबही, भारतातली ८८ वी. दोन क्लासिकल डाव बरोबरीत, पहिला रॅपिडही बरोबरीत, आणि दुसऱ्यात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी जिंकली. रात्री बाबा म्हणाले, "तो शेवटचा डाव दाखवतो का रे? पण हळू."

आता दाखवायचा कशावर? तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं! मलाही तसंच वाटलं होतं.

आधी एक व्हिडिओ लावला. सेकंदाला एक चाल. "काहून इतकी घाई करून राहिला?" बाबा वैतागले. मग लॅपटॉपवर चेसबेस. ग्रँडमास्टर मंडळींचं लाडकं सॉफ्टवेअर, लाखो डाव पोटात. पण पैसे मोजायचे, आणि स्क्रीनवर इतक्या खिडक्या की बाबा पटच शोधत बसले.

शेवटी लिचेसच्या ‘स्टडी’वर येऊन थांबलो. फुकट, जाहिराती नाहीत. डावाची पीजीएन फाइल पेस्ट केली की पट तयार. पीजीएन म्हणजे अख्खा डाव साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत. १९९३ मध्ये स्टीव्हन एडवर्ड्स यांनी ती बसवली, आणि आज जवळपास प्रत्येक बुद्धिबळ सॉफ्टवेअरला ती वाचता येते. म्हणजे उद्या अ‍ॅप बदललं तरी डाव आपलाच. चालीशेजारी मराठीत टिपण लिहिता येतं. आणि मला हव्या होत्या त्या दोन सोयी: पुढच्या चाली झाकून ठेवता येतात, आणि बघणाऱ्यांसाठी इंजिन चक्क बंद करता येतं!

दिव्याचा डाव आम्ही तीन रात्री पाहिला. प्रत्येक चालीआधी बाबा थांबायचे, चष्मा पुसायचे, अंदाज बांधायचे. चुकले तर खूश, बरोबर आले तर जास्त खूश.

चौथ्या रात्री वही परत बाहेर आली.

अडचण एकच. बाबांच्या चाली जुन्या लिपीत, ‘पी-के ४’ वगैरे. त्यात पांढरा आणि काळा आपापल्या बाजूनं घरं मोजतात. ही लिपी फिडेनं १९८१ पासून मान्य करणं सोडलं, आणि आजच्या पीजीएनलाही ती चालत नाही. त्यामुळे बाबा वाचणार, मी पटावर मोहरं सरकवणार. एके ठिकाणी नुसतंच ‘घोडा बी ३’. दोन्ही घोडे जाऊ शकत होते. बाबांनी डोळे मिटले. "राजाकडचा. साहेबांचा चहा सांडला होता तेव्हा."

सांगा, हे कुठल्या फाइलमध्ये लिहिणार? मी लिहिलं. त्या चालीच्या टिपणात.

मग आली चौदावी चाल. मी गप्प. बाबा स्वतःच म्हणाले, "ही चूकच होती रे. त्याच रात्री समजलं मला. पण साहेबांना दिसली नाही ना!"

म्हणजे इंजिननं मला जे एका सेकंदात सांगितलं, ते बाबांना पंचेचाळीस वर्षं माहीत होतं. मला विचारायचंच सुचलं नव्हतं.

तेव्हा मित्रांनो, डाव दाखवायचं साधन निवडताना फीचर्स नंतर बघा. समोर कोण बसणार आहे, ते आधी बघा. आणि चौदाव्या चालीला... गप्प बसा!