फळीवरचा डाग

निपाणी ते बेळगाव हे अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर. सीमाभागातील आम्हा मराठी कुटुंबांना हा रस्ता घरच्या ओसरीइतका परिचयाचा. गेल्या हिवाळ्यात मात्र आम्ही भावंडे बसने निघालो, ती आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक लाकडी फळी मांडीवर घेऊन. वडिलांच्या जुन्या विलायती मोटारीची ती दर्शनी फळी. तबकड्या उतरवून, स्क्रू क्रमवार कागदावर टोचून आम्ही ती जपून सोडविली होती.

तंबाखूच्या वखारींचा उग्र दर्प मागे पडला. तवंदीचा घाट, संकेश्वर, राणी चन्नम्मांचे काकती असे करीत बेळगाव आले. खानापूरच्या रानातील सागवान आणि शिसव यांच्या शेजारी वसलेल्या या शहरात लाकूड जाणणारे हात अजून आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्याची सल घरोघरी आहेच. शहापुरातील वृद्ध मेस्त्रींनी मात्र नातवाला कानडीत पाणी आणावयास सांगितले आणि आम्हाला मराठीत म्हटले, “बसा, आधी फळी बघू.”

फळीवर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा होता. “हा एक मिलिमीटरही जाड नाही. पॉलिशपेपर जोराने फिरविला की खालचे साधे लाकूड उघडे पडेल,” मेस्त्री म्हणाले. सुटलेल्या कडा सरसाने चिकटवावयाच्या, जुना थर हलकेच खरवडावयाचा आणि रेषेच्या दिशेनेच घासावयाचे, असे त्यांनी समजाविले. चपडीचे स्पिरिट पॉलिश घरच्या कपाटाला शोभते. उन्हात तापणाऱ्या मोटारीत ते मऊ पडते, पाण्याच्या थेंबाने पांढरे होते. तेव्हा व्हार्निशचेच पातळ थर, प्रत्येक थर पुरता वाळवून.

एका कोपऱ्यात काळा डाग होता. पावसाळ्यात वडील तंबाखूची ओली लोखंडी डबी तेथे ठेवीत. भेगाळलेल्या पॉलिशमधून लोखंडाचा गंज लाकडातील तुरट द्रव्याला भिडला आणि डाग आत मुरला. “ऑक्झॅलिक आम्लाने निघेल. काढू की ठेवू?” मेस्त्रींनी विचारले. आम्ही एकमुखाने म्हणालो, “ठेवा. वडिलांची खूण आहे.”

सायंकाळी फोनवर हे आईला सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “अरे, तो डाग त्यांना जन्मभर खुपला. पाहुणा मोटारीत बसला की ते त्यावर रुमाल टाकीत. त्यांची खूण म्हणून त्यांची लाज कशाला जपता?”

आम्ही निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींकडे जाऊन आम्ही शब्द फिरविला.

महिन्याभराने फळी परत आली. तिच्यावर अक्रोडाच्या रेषा पुन्हा मधासारख्या उजळल्या होत्या. आईने तो कोपरा पदराने पुसला. पुसण्याजोगे तेथे काहीच नव्हते. डबी आमच्या घरात आहे, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात. मोटारीत मात्र तिला आता प्रवेश नाही.