विमान विकून छत केलं



मे-जूनमध्ये पेजवर काही लिहिलं नाही म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं. आजारी नव्हतो. थोरल्या लेकीकडं अमेरिकेला गेलो होतो, कॅन्सस राज्यात विचिटा म्हणून गाव आहे तिथं. जावई विमानाच्या कारखान्यात कामाला आहेत. आडसाली लागणीचं आणि खोडव्याचं पुढच्या वेळी लिहितो. आज थोडं वेगळं लिहायचंय. शेतीशी संबंध नाही असं वाटेल, पण जरा दमानं वाचा.

जायच्या आधी घरात एक विषय पेटला होता. गावातलं आमचं जुनं घर आजोबांनी बांधलेलं. दोन सोपे, मागं माजघर, सागवानी खांब आणि तुळया, वर मंगलोरी कौलं. आम्ही दोघं भाऊ मळ्यात राहायला आल्याला आठ वर्षं झाली, तेव्हापासून घराला कुलूप. कौलं फुटली, मागची भिंत फुगली, एका तुळईला वाळवी दिसायला लागली. फेब्रुवारीत जुन्या लाकडाचा एक व्यापारी आला. दारं, चौकटी, खांब, तुळया सगळं मिळून उक्ती किंमत बोलला. धाकटा म्हणाला, दादा, विसार घेऊन टाकूया, भिंत पडल्यावर हा पण येणार नाही. मला ते जमंना. आईचं सगळं आयुष्य त्या सोप्यात गेलं. मी म्हटलं, परत आल्यावर बघू. तो म्हणाला, पावसाच्या आत काय ते सांग. हे ओझं घेऊनच मी विमानात बसलो.

तिकडं एका रविवारी जावई म्हणाले, आप्पा, चला तुम्हाला एक गंमत दाखवतो, विमानं रस्त्यानं चालतात असं गाव आहे. मला वाटलं थट्टा करतायत.

विचिटातून पूर्वेला गाडीनं तासाभराच्या आत ब्यूमाँट येतं. वाटेत आधी गव्हाची रानं लागली, पिवळी पडायला आलेली. तिथं गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, सगळी थंडी आणि बर्फ अंगावर घेऊन तो जूनमध्ये काढणीला येतो. मग गहू संपला आणि नुसती हिरवी टेकाडं सुरू झाली, झाड नाही की बांध नाही. हा फ्लिंट हिल्सचा भाग. वरच्या थोड्या मातीखाली चुनखडी आणि गारगोटीचा थर, त्यामुळं नांगर लागला नाही आणि म्हणून गवत वाचलं. उंच गवताची ही माळरानं एके काळी देशाच्या मोठ्या पट्ट्यात होती, आता चार टक्केसुद्धा राहिली नाहीत. जी आहेत त्यातली बहुतेक इथंच. उन्हाळ्यात ट्रकनं वासरं आणून सोडतात आणि दिवसाला किलोभर वजन नुसत्या गवतावर वाढतं. मार्च-एप्रिलमध्ये ते हे गवत पेटवतात. (पाचट जाळणाऱ्यांनी लगेच खूष होऊ नका. त्या गवताची मुळं आठ-दहा फूट खाली असतात, ते पुन्हा फुटतं आणि झुडपं माजत नाहीत म्हणून जाळतात. आपल्या उसाच्या रानाचा हिशेब वेगळा आहे.)

ब्यूमाँट म्हणजे मोजकी घरं, रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाला पाणी द्यायची जुनी लाकडी टाकी, आणि एक दुमजली हॉटेल. हॉटेल १८७९ सालचं. आधी घोडागाड्यांचे उतारू उतरायचे, मग रेल्वेचे, मग गुरांचे व्यापारी. १९५३ साली गावाच्या पूर्वेला गवताची धावपट्टी केली. कशासाठी? तर गुरांच्या मालकांना हजारो एकरांवर पसरलेली जनावरं आणि पाणवठे वरून बघता यावेत म्हणून. म्हणजे विमान हे त्यांचं रानात फिरायचं वाहनच, आपली मोटारसायकल असते तसं. ती पट्टी अजून आहे. विमान गवतावर उतरतं, वळून गावच्या रस्त्याला लागतं आणि मोटारीसारखं हॉटेलसमोर येऊन उभं राहतं. आम्ही जेवायला गाडी लावली तेव्हा बाजूलाच चार विमानं उभी होती. एक पाचवं रस्त्यानं पंखा फिरवत येत होतं, ते जाईपर्यंत एक पिकअपवाला मुकाट्यानं कडेला थांबला.

मला वाटत होतं विमानवाले म्हणजे शेठलोक. तसं काही नव्हतं. टोपी, जीन, हाताला काळं तेल. एकाचं विमान सेस्ना १७२, चार माणसांचं, साधारण पन्नास वर्षांचं. १९५६ पासून हे मॉडेल बनतंय आणि चाळीस हजारांवर विमानं निघालीत, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या लाल ट्रॅक्टरसारखंच, सुटा भाग कुठंही मिळणार. ज्याच्या नावानं ही कंपनी, तो क्लाइड सेस्ना कॅन्ससमधल्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेला. १९११ साली त्यानं स्वतः विमान जुळवलं, कितीदा पाडलं आणि परत दुरुस्त केलं. १९२७ ला विचिटात कंपनी काढली. या पन्नास वर्षांच्या विमानाचा मालक म्हणाला, मी घेतलं तेव्हा नव्या पिकअपएवढी किंमत होती. तिकडं नव्या गहू कापणी यंत्राला पाच लाख डॉलरच्या वर पडतात. म्हणजे जुन्या विमानापेक्षा शेतीच महाग.

निघायच्या आधी तो काय करतो ते मी नीट बघितलं. हातात काचेसारखी छोटी नळी. पंखाच्या खाली एक बारका कॉक असतो, तो दाबून थोडं पेट्रोल त्या नळीत घेतलं आणि उजेडाला धरलं. विमानाचं पेट्रोल निळं असतं, पाणी आलं तर ते खाली वेगळं बसलेलं दिसतं. आपण डिझेल इंजिनाच्या फिल्टरच्या काचेत बघतो, तेच. फक्त आपण इंजिन बंद पडल्यावर बघतो आणि तो प्रत्येक वेळी उडायच्या आधी बघतो. मग तेल, मग टायर, मग पंख्यावरून हळू हात फिरवला, कुठं दगडाचा टोचा लागलाय का म्हणून.

त्यानं मला विमानाची वही दाखवली. खरं तर वह्या, दोन. एक इंजिनाची, एक सांगाड्याची. पन्नास वर्षांत कधी काय बदललं, किती तास चाललं, कुणी बघितलं, खाली सही. वर्षातून एकदा सरकारमान्य मेकॅनिकनं सगळं उघडून बघायचं आणि सही करायची, नाहीतर उडायचं नाही. मालक मेला तरी वही विमानाबरोबर जाते. वही हरवली तर किंमत पडते. मला आमच्या ट्रॅक्टरची लाज वाटली. तेल कधी बदललं ते धाकट्याला विचारावं लागतं, आणि तो म्हणतो, झालं असंल दिवाळीच्या आसपास.

मग आत जेवायला बसलो. त्यांच्यात एक म्हण आहे, शंभर डॉलरचा बर्गर. म्हणजे खायला दहा-पंधरा डॉलर आणि तिथवर उडत जायला बाकीचे. त्या विमानाला तासाला साधारण तीस लिटर पेट्रोल लागतं, हिशेब तुम्हीच करा. पण ते हसत हसत सांगतात, लपवत नाहीत. गप्पांची तऱ्हा आपल्या चावडीवरचीच. वारा कुठून होता, उतरताना कुणाचं विमान किती उड्या मारलं, कुणाला यंदा डॉक्टरनं पास केलं नाही. एक म्हाताराबाबा त्यातलाच. हृदयाचं ऑपरेशन झालंय, आता स्वतः चालवत नाही, मित्राच्या शेजारी बसून येतो. तरी गळ्यात विमानाच्या किल्लीचा गोफ होता.

त्याच टेबलावर एक साठीचं जोडपं होतं. मला ज्यांच्याबद्दल सांगायचंय ते हे दोघं. दुसऱ्या एका गावच्या छोट्या धावपट्टीला लागून एक बंद पडलेलं लॉज त्यांनी घेतलंय, दहा खोल्यांचं. विमानवाल्यांनी यावं, रात्र काढावी म्हणून ते दुरुस्त करतायत. प्रत्येक खोलीला एका विमानाचं नाव. पलंगाच्या डोक्याशी मोडक्या पंखाचा पत्रा, गल्ल्याच्या जागी इंजिनावरचं झाकण, भिंतीवर लाकडी पंखा. फोटो दाखवले, बघत राहावं असं केलंय. पण बाई हसून म्हणाली (जावई भाषांतर करत होते), पाहुणा भिंतीवरचा पंखा बघून खूष होतो आणि जाताना नळाला गरम पाणी नव्हतं म्हणून नाव ठेवतो.

पहिल्या वर्षी त्यांनी सगळा पैसा असल्या सजावटीत घातला. दुसऱ्या वसंतात वादळी पाऊस झाला आणि छत गळलं. तीन खोल्यांतल्या गाद्या, भिंती, सगळं फेकावं लागलं. बँक पुढं द्यायला तयार नव्हती. त्यांच्याकडं दोन विमानं होती. एक नेहमीचं आणि एक पिवळं पायपर कब, दोन माणसांचं, अंगावर पत्र्याऐवजी कापड ताणलेलं. ते त्याच्या वडिलांचं. ते विकलं आणि छत केलं.

हे सांगताना नवरा खिडकीतून बाहेर बघत होता. बाईच बोलत होती.

मी जावयांना म्हटलं, विचारा, वाईट वाटत नाही का. जावई विचारायला कचरले, पण विचारलं. तो म्हणाला, रोज वाटतं. आणि पाऊस आला की आता झोप लागते. दोन्ही खरंय.

कमाई विचारली तर लपवलं नाही. दहातल्या चार खोल्या चालू. थंडीत कुणी येत नाही. बाई आठवडाभर शाळेत नोकरी करते म्हणून हप्ता जातो. आपल्याकडं कृषी पर्यटन काढायचं म्हणून आधी कमान आणि बैलगाडीचं चाक रंगवणाऱ्या दोन-तीन पोरांना मी ओळखतो. त्यांना हे ऐकवावंसं वाटलं.

मग मला राहवलं नाही, मी आमच्या घराचं सांगितलं. मोबाईलमध्ये फोटो होते. खांब बघून सगळे पुढं सरकले. कसलं लाकूड म्हणून विचारलं. जावई शब्द शोधत होते तोवर मीच म्हटलं, टीक. तो शब्द त्यांना बरोबर कळला. एकानं हातानं फोटो मोठा करून तुळईचा सांधा बघितला.

मला वाटलं आता हे म्हणतील, विकू नका, जपा. परदेशी माणसं आपल्याकडं येऊन तसंच म्हणतात. पण तो म्हाताराबाबा म्हणाला, तिथं राहतं कोण? मी म्हटलं, कुणी नाही, आठ वर्षं. त्यानं मान हलवली. म्हणाला, उडणाऱ्या विमानापेक्षा उभं विमान लवकर खराब होतं. इंजिन फिरलं नाही की तेल खाली उतरतं आणि आतून गंज धरतो. वर्षानुवर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली विमानं बघितलीत मी, मालक म्हणतो वडिलांची आठवण आहे, आणि कापड काढलं की आत उंदराची घरटी. वापरणार असशील तर ठेव. नाहीतर वापरणाऱ्याला दे.

मला ते आवडलं नाही, खरं सांगतो. परत येताना गाडीत गप्प बसलो. लेक म्हणाली, आप्पा, काय झालं. काही नाही म्हटलं. पण तो काही चुकीचं बोलला नव्हता. आमच्या शेडात आण्णांचं जुनं ऑइल इंजिन आहे, पंधरा वर्षं पोत्याखाली, आठवण म्हणून. त्याचं चाक आता हातानं फिरत नाही.

त्या रात्री, म्हणजे इकडची सकाळ, धाकट्याला फोन लावला. म्हटलं, सगळं विकायचं नाही आणि सगळं ठेवायचंही नाही. मागचं माजघर उतरव, तिथलं लाकूड व्यापाऱ्याला दे. येतील त्या पैशात पुढच्या दोन सोप्यांचं छत करून घे, वाळवीची तुळई बदल. तो चिडला. म्हणाला, अर्ध्या लाकडाला तो अर्धी किंमत देणार नाही, चांगले खांब पुढंच आहेत. आणि खरंच, व्यापाऱ्यानं निम्म्याच्या बरंच खाली किंमत केली. छताला ती पुरली नाही. मी म्हैस विकून वरचे घातले. दूध देणारी होती. घरच्या बाईसाहेब दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं.

आता पुढच्या एका सोप्यात बियाणं आणि खताची पोती असतात, दुसऱ्यात शनिवारी बचत गटाच्या बाया बसतात. बल्ब लावलाय, रोज कुणीतरी दार उघडतं. धाकटा अजून म्हणतो की सगळं विकून ठिबकचं काम झालं असतं. झालं असतं, मी नाही म्हणत नाही.

एक शंभर पानी वही केलीय, ट्रॅक्टरची. दुसरी घराची. धाकटा हसतो, पण परवा ट्रॅक्टरचं तेल बदललं तेव्हा तारीख आणि तास त्यानंच लिहिले. सही मात्र केली नाही.

काल रात्री चांगला पाऊस झाला. सकाळी धारा काढून आधी गावात जाऊन आलो. पुढच्या सोप्याच्या कोपऱ्यात एक कौल सरकलंय, बियाण्याच्या पोत्यापासून हातभर अंतरावर थेंब पडत होते. पोती हलवली, खाली पातेलं ठेवलं. दुपारी उघडीप मिळाली तर शिडी घेऊन जातो.